इटलीच्या लग्नात ग्लास उचलताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी इटलीत तोरिनोला, म्हणजे ट्यूरिनला, नोकरीला आहे, तिथल्याच मुलाशी लग्न ठरलंय आणि सप्टेंबरमध्ये अस्तीजवळच्या एका गावात समारंभ आहे. आईवडील दोघंही पीत नाहीत. व्याह्यांचा निरोप आलाय की केक कापताना मुलीकडच्यांनीही दोन शब्द बोलून 'ब्रिंदिसी' करावा, म्हणजे ग्लास उंचावून शुभेच्छा द्याव्यात. आई विचारतात, म्हणायचं काय, कसं वागायचं, आणि हातात पाण्याचा ग्लास असला तर चालेल ना?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण आपली माणसं नेमकी तिथं अडतात. पाणी नको. बाकी जवळजवळ काहीही चालेल.

मी मूळचा वेंगुर्ल्याचा. आपल्या कोकण-गोव्यातली पुष्कळ मुलं करतात तशी आधी इटालियन प्रवासी जहाजावर डायनिंगची नोकरी केली. मग जेनोव्हाला उतरलो तो वर पिएमोंतेत, म्हणजे तोरिनो-अस्तीच्याच प्रांतात, राहिलो. गेली एकोणीस वर्षं इथल्या लग्नाच्या जेवणावळी सांभाळतोय. ब्रिंदिसीची वेळ आली की आम्ही वाढपी भिंतीला पाठ लावून उभे असतो, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे आम्हाला दिसतात.

पहिल्याच वर्षीची गोष्ट. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या ऑफिसातले एक भारतीय गृहस्थ सपत्नीक आले होते. सगळे उभे राहिले, ग्लास वर गेले, आणि या गृहस्थांनी अगदी मनापासून हसत आपला पाण्याचा ग्लास पुढे केला. समोरचे चार-पाच हात हवेतच थांबले. कुणी काही बोललं नाही, पण कुणी ग्लासही टेकवेना. नवऱ्या मुलाची आजी ऐंशीच्या पुढची होती. ती खुर्चीला धरून उठली, टेबलाला वळसा घालून त्यांच्यापाशी आली, आपल्या ग्लासातले मोस्कातो या गोड वाइनचे चार थेंब त्यांच्या पाण्यात टाकले आणि म्हणाली, "ओरा सी." आता ठीक. मग तिनंच पहिला ग्लास टेकवला. त्यांनी ते पाणी ओठाला लावलं की नाही हे तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. पाण्यात काहीतरी पडलं, तिला तेवढं पुरे होतं.

पाण्यानं ब्रिंदिसी केला तर ज्याच्यासाठी केला त्याचं वाईट होतं, असा इथला समज आहे. "पोर्ता माले" म्हणतात, अपशकुन होतो. शिकलेले लोकही पाळतात, तरुणही पाळतात. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालून देतात. तुम्ही ते ज्या मनानं करता, त्याच मनानं हे लोक पाण्याचा ग्लास टाळतात. रिकामा ग्लास तर उचलतच नाहीत.

आता न पिणाऱ्यानं काय करायचं? इटालियनमध्ये यासाठी एक सरळ, मान्य शब्द आहे: पुरुषाला 'आस्तेमियो', बाईला 'आस्तेमिया'. म्हणजे दारूला न शिवणारा माणूस. "सोनो आस्तेमिया" एवढं म्हणा. हे वाक्य ऐकल्यावर इटालियन माणूस आग्रह सोडतो, कारण मुळात इथं दारू चढवण्याचं कौतुक नाही. वाइन जेवणाबरोबर, सावकाश. लग्नात कुणी झिंगला तर घरच्यांनाच लाज वाटते. "की नोन बेवे इन कोम्पान्यीया, ओ ए उन लाद्रो ओ ए उना स्पीया" अशी एक म्हण एखादे काका हसत ऐकवतील: चारचौघांत जो पीत नाही तो चोर तरी असतो नाहीतर हेर तरी. ती थट्टा आहे, मनाला लावून घेऊ नका.

ग्लासात काय असावं? मी असतो तर जेवणाआधी वाढप्यांच्या प्रमुखाला बाजूला गाठून सांगितलं असतं की ब्रिंदिसीच्या वेळी आम्हा दोघांच्या फ्लूटमध्ये, म्हणजे उंच निमुळत्या ग्लासात, 'क्रोदिनो' भरा. ते नारिंगी रंगाचं, कडूगोड, बिनदारूचं पेय आहे, १९६५ पासून मिळतंय आणि इथल्या प्रत्येक बारमध्ये असतं. लाल रंगाचं हवं तर 'सानबित्तेर'. दोन्ही 'आपेरितिवो'त मोडतात, म्हणजे जेवणाआधी भूक उघडायला घेतात तशी पेयं. म्हणून ती ग्लासात असणं कुणालाही खटकत नाही. नाशपातीचा रस, 'सूक्को दी पेरा', हाही मुलांसाठी ठेवलेला असतोच.

आणि कुणी बाटली घेऊन आलंच, तर ग्लासावर तळहात झाकू नका. त्यापेक्षा "उन दीतो" म्हणा. एक बोटभर. बोट आडवं धरून ग्लासाच्या तळाशी लावून दाखवा, तेवढंच ओततील. मग ओठ ओले केले, नाही केले, कुणी बघत नाही.

पण नजर मात्र बघतात. ग्लास टेकवताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचं, हा इथला सगळ्यात पक्का नियम. नवख्या माणसाची नजर ग्लासावर जाते, सांडेल की काय या भीतीनं. आपल्या बायकांच्या बाबतीत मी आणखी एक पाहिलंय: व्याह्यांसमोर, मोठ्या माणसांसमोर नजर खाली जाते, ती आपली रीतच आहे. इथं त्याचा अर्थ उलटा लागतो. न पाहता ग्लास टेकवला तर सात वर्षं वाईट जातात, असं म्हणतात. त्या सात वर्षांत नेमकं काय वाईट जातं याचं जे वर्णन तरुण मंडळी करतात ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण मुद्दा कळला असेल. ग्लास लावताना आजूबाजूच्या आठ जणांशी घाईघाईत टणटण करत सुटू नका. एकाशी टेकवा, डोळ्यांत बघा, "सालूते" म्हणा, मग पुढचा. टेबलाच्या पलीकडच्यांना ग्लास किंचित उंचावून नजर दिली की झालं.

दोन हात चालले असतील तर त्यांच्यावरून आपला हात आडवा घालायचा नाही. फुली झाली की कुणीतरी ओरडतंच. हात मागे घ्यायचा, थांबायचं, मग पुन्हा पुढे करायचा. हस्तांदोलनातही हेच पाळतात. ग्लास टेकवल्यावर निदान एक घोट घेतल्याशिवाय तो खाली ठेवायचा नाही, नाहीतर शुभेच्छा अर्धवट राहिल्यासारखी होते. मुलाच्या मित्रांपैकी काही जण प्यायच्या आधी ग्लासाचा तळ टेबलावर हलकेच आपटतील. त्या सवयीमागे एक वात्रट यमक आहे, त्यांचं त्यांना करू द्या. प्लास्टिकचे ग्लास असले, म्हणजे बागेत वगैरे, तर काही जण ग्लासांऐवजी बोटांची पेरं एकमेकांना टेकवतात. मला ते फार आवडतं.

आता शब्द. 'सालूते' म्हणजे आरोग्य, आणि तो कुठंही, कुणापुढंही चालतो. कुणी शिंकलं तरी हाच शब्द. माझी आजी मी शिंकलो की "शतंजीव" म्हणायची. इथं पहिल्यांदा एका बाईनं मला शिंकेवर "सालूते" म्हटलं तेव्हा मला तीच आठवली. आणि शंभर वर्षांचा आशीर्वादही यांच्याकडे आहेच: 'चेंतान्नी', शंभर वर्षं. हा दक्षिणेतला जास्त, आणि तिकडून अमेरिकेला गेलेल्या कुटुंबांनी तो घट्ट धरून ठेवलाय. सार्देन्या बेटावर म्हाताऱ्यांच्या तोंडी 'आ केंतान्नोस' ऐकू येतं. तिथल्या डोंगराळ ओल्यास्त्रा भागात खरोखरच शंभरी गाठलेली माणसं इतकी आहेत की जगभरचे अभ्यासक तिथं जातात.

'चिन चिन' हा घरगुती शब्द. बहुतेकांना तो काचेच्या आवाजावरून आला असं वाटतं. खरं तर तो चिनी 'छिंग छिंग'वरून, म्हणजे 'घ्या, घ्या' अशा अर्थाच्या शब्दावरून, खलाशी-व्यापाऱ्यांच्या तोंडून युरोपात आला. इटालियन कानाला त्यात काच वाजल्याचा भास झाला आणि तो टिकला. जहाजावर आम्हाला शिकवलं होतं की औपचारिक मेजवानीत हा शब्द उच्चारू नये, ग्लासही वाजवू नयेत, फक्त छातीपर्यंत उचलावेत. शिष्टाचाराची पुस्तकं आजही हेच सांगतात. लग्नात हे कोणी मानत नाही. तुम्ही सगळ्यांचं पाहून करा: यजमानांनी टेकवला तर टेकवा, नुसता उचलला तर नुसता उचला. 'प्रोजित' हा लॅटिन शब्दही कानावर पडेल, 'लाभो' अशा अर्थाचा. तो जुन्या माणसांत आणि पाद्र्यांत चालतो.

खुद्द 'ब्रिंदिसी' हा शब्द इटालियन नाही, हे इथल्यांनाही सांगितलं की नवल वाटतं. दक्षिणेला ब्रिंदिसी नावाचं बंदर आहे, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. जर्मन शिपाई ग्लास पुढे करत "ब्रिंग दिर्स" म्हणायचे, म्हणजे 'हे तुझ्यासाठी आणलं'. तेच स्पॅनिशमधून फिरून इटलीत आलं. सोळाव्या शतकात ही रीत इतकी नवी होती की जोव्हान्नी देल्ला काझा या धर्मगुरूंनी तिला नावं ठेवली. त्यांचं 'गालातेओ' हे शिष्टाचारावरचं पुस्तक १५५८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापलं गेलं, आणि इतकं गाजलं की इटालियनमध्ये शिष्टाचारालाच 'गालातेओ' म्हणतात. त्यात ते लिहितात की पिण्याचं आमंत्रण देण्याची ही चाल आपली नव्हे, म्हणूनच तिला आपण परका शब्द वापरतो, आणि ती करू नये. आज साडेचारशे वर्षांनी त्याच देशात ब्रिंदिसीवाचून लग्न लागल्यासारखं वाटत नाही. बाहेरून आलेली रीत एखादं घर किती मनापासून आपलीशी करतं हे मला यात दिसतं. तुमची मुलगी ज्या घरात चाललीय तिथंही मी हेच होताना पाहतो.

प्रदेशाप्रदेशांतले फरक सांगायला बसलो तर रात्र जाईल. व्हेनेत्सियात, म्हणजे व्हेनिसमध्ये, वाइनच्या छोट्या ग्लासाला 'ओंब्रा' म्हणतात, म्हणजे सावली. त्याच व्हेनेतो प्रांतात कॉफी संपल्यावर त्याच कपात थोडी ग्राप्पा, म्हणजे द्राक्षाच्या चोथ्याची कडक दारू, ओतून कप विसळून पितात. हे तुमच्या वाट्याला येणार नाही. पण तुम्ही वायव्य कोपऱ्यात चाललाय, आणि तिथं पाहुण्यांपैकी कुणी शेजारच्या व्हाल्ले द'आओस्ता प्रांताचं असण्याची बरीच शक्यता आहे, म्हणून तिथली एक वस्तू सांगतोच.

तिला 'मैत्रीचा पेला' म्हणतात. लाकडात कोरलेलं, बसकं, झाकणाचं भांडं, आणि त्याला भोवताली चोची: चार, सहा, आठ. आत गरम कॉफी, ग्राप्पा, साखर, लिंबा-संत्र्याची साल. झाकण काढून वरची वाफ पेटवतात, क्षणभर निळी ज्योत नाचते, मग झाकण लावून भांडं फिरवायला सुरुवात. प्रत्येकानं आपल्या चोचीतून एक घोट घ्यायचा आणि शेजाऱ्याच्या हातात द्यायचं. संपेपर्यंत ते टेबलावर ठेवायचं नाही. भांडं जड असतं आणि गरम असतं, दोन्ही हातांनी धरावं लागतं, त्यामुळे घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला एकमेकांकडे बघावंच लागतं. एका लग्नात दोन भाऊ बऱ्याच वर्षांनी एका टेबलावर बसलेले मी पाहिले. बोलणं नव्हतं. भांडं एकाकडून दुसऱ्याकडे जाताना चार हात त्यावर क्षणभर एकत्र राहिले, आणि थोरल्यानं "सांभाळ, गरम आहे" एवढं म्हटलं. त्या भांड्यात दारू असतेच, तेव्हा तुम्ही ते फक्त दोन्ही हातांनी घ्या, मान लववा आणि पुढे द्या. हातातून गेलं पाहिजे, तेवढंच.

आता प्रत्यक्ष दिवस. तुमचं गाव अस्तीजवळ म्हणजे द्राक्षांच्या टेकड्यांमध्ये. सप्टेंबरात तोडणी चालू असते, हवेला गोडसर वास असतो. जवळच्या कानेल्लीत १८६५ मध्ये कार्लो गांच्यांनी इटलीतली पहिली फेसाळ वाइन केली. तिथली डोंगराखालची वाइनची तळघरं आणि भोवतालचे मळे २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. सवड काढून तळघरं बघाच. या भागात केकबरोबर गोड 'मोस्कातो द'आस्ती' देतात. तिच्यात अल्कोहोल साधारण ५ टक्के, म्हणजे प्रोसेको या दुसऱ्या फेसाळ वाइनच्या निम्म्याहून कमी. हल्ली काही ठिकाणी केकवर कोरडी, म्हणजे गोड नसलेली, वाइन देतात, मला ते पटत नाही. गोडाबरोबर कोरडी वाइन आंबट लागते.

जेवण चार-पाच तास चालेल, घाबरू नका. मध्येच कुणीतरी "वीवा ल्यी स्पोझी!" ओरडेल, नवरानवरीचा जयजयकार. सगळ्यांनी "वीवा!" म्हणायचं. मग "बाचो! बाचो!" सुरू होईल, दोघांनी चुंबन घ्यावं म्हणून. तेव्हा मान वळवू नका, टाळ्या वाजवा. एखादे आजोबा "आउगुरी ए फील्यी मास्की" म्हणतील, 'शुभेच्छा आणि मुलगेच होवोत'. आपला 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' आठवा. आता तो बहुतेक ठिकाणी जुनी लकब म्हणून म्हटला जातो, आणि मुलीला तो आवडला नाही तर तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

बाटली कधी मुलीच्या वडिलांच्या हातात आली, तर मनगट उलटं करून, तळहात आकाशाकडे ठेवून ओतू नये. त्याला 'आल्ला त्रादितोरा' म्हणतात, दगाबाजाचं ओतणं. अंगठीत विष लपवणाऱ्यांच्या काळातली आठवण आहे असं सांगतात. वाइन सांडली तर कुणी रागावणार नाही, उलट बोट बुडवून कानामागं लावतील, शुभ मानतात. तेल सांडलं तर मात्र चेहरे पडतात. बाटलीचा शेवटचा थेंब ज्याच्या ग्लासात पडेल त्या अविवाहिताचं वर्षात लग्न. तुमच्याबरोबर एखादी भाची आली तर तिला त्यावरून चिडवतील.

एक रुक्ष पण महत्त्वाची गोष्ट: तुमच्याकडचं कुणी भाड्याची गाडी चालवणार असेल तर त्यानं ब्रिंदिसीही क्रोदिनोनंच करावा. मर्यादा लिटरभर रक्तात ०.५ ग्रॅम अल्कोहोलची आहे. ज्याचं वय २१ च्या आत आहे किंवा लायसन्स मिळून तीन वर्षं झालेली नाहीत, त्याला एक थेंबही चालत नाही.

आणि तुमचं भाषण. इथं लांब भाषणं कुणाला नको असतात, अर्धा मिनिट पुष्कळ. इटालियनमध्ये आपल्या व्याही-विहिणीला नेमका शब्द आहे, 'कोन्स्वोचेरी'. तो तुमच्या तोंडून ऐकला की समोरची बाई विरघळेल. हे पाठ करा:

"कारी स्पोझी, कारी कोन्स्वोचेरी, ग्रात्सिये दी क्वोरे. सालूते, आमोरे ए चेंतान्नी इन्स्येमे. वीवा ल्यी स्पोझी!"

प्रिय वधूवर, प्रिय व्याहीमंडळी, मनापासून आभार. आरोग्य, प्रेम आणि एकत्र शंभर वर्षं. नवरानवरीचा विजय असो.

पण त्याआधी मराठीत एक उखाणा घ्या, ही माझी विनंती. इटलीच्या दक्षिणेत लग्नात पाहुणे उठून यमकात ब्रिंदिसी म्हणतात, दोन-चार ओळींचा, शेवटी वधूवरांचं नाव गुंफून. तेव्हा तुमचा उखाणा त्यांना समजावून सांगावा लागणार नाही. यमक कानाला कळतं, आणि नाव आलं की सगळे ओरडतातच. मुलीनं नंतर एका वाक्यात अर्थ सांगावा. मी सुचवतो तो असा:

"द्राक्षाच्या वेलीला टेकडीचा आधार,
...रावांचं नाव घेते, व्याह्यांचे मानून आभार."

उखाणा होऊ द्या, टाळ्या होऊ द्या, मग इटालियन ओळी. "वीवा ल्यी स्पोझी" म्हणताना ग्लास डोळ्यांच्या उंचीपर्यंत, त्याच्या वर नाही. फ्लूट देठाला धरा, वाटीला नाही. आधी मुलीच्या डोळ्यांत बघा, मग जावयाच्या, मग विहिणीच्या. एक घोट घ्या. त्यानंतरच ग्लास खाली.